जी६पीडी मोजणी फ्लुरोसन्सने: मार्च ते ऑगस्टच्या नोंदी

११ मार्च २०२४

आजपासून वही सुरू करतेय. कुणाला आपल्या लहान लॅबमध्ये हेच करायचं असेल तर त्याचा वेळ वाचावा एवढ्यासाठी. जी६पीडी म्हणजे तांबड्या रक्तपेशींना जपणारं एन्झाइम, ते कमी असेल तर प्रायमाक्विनसारख्या औषधांनी त्या पेशी फुटतात. ते किती आहे हे फ्लुरोसन्सने, म्हणजे यूव्ही उजेड टाकल्यावर येणाऱ्या चमकेवरून, मोजायचंय. लॅब नाशिकला, कॉलेजची, वर एका दवाखान्याचे काही नमुने येतात.

हे एन्झाइम आहे की नाही बघायची स्पॉट टेस्ट आम्ही दोन वर्षं करतोय. रक्ताचा थेंब रिएजंटमध्ये टाकायचा, शून्य, पाच आणि दहा मिनिटांनी फिल्टर पेपरवर ठिपका द्यायचा, वाळला की यूव्हीखाली बघायचा. चमकला तर एन्झाइम आहे, काळा राहिला तर नाही. चमक एनएडीपीएचची असते, जी६पीडी काम करतं तेव्हा एनएडीपी या रसायनापासून ते तयार होतं. टेस्ट चांगली आहे पण ती फक्त हो किंवा नाही सांगते. साधारण तीस टक्क्यांच्या खाली अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे एन्झाइमचं काम) गेली की काळं दिसतं, त्याच्या वरचं सगळं "नॉर्मल". आता या एन्झाइमचा जीन एक्स क्रोमोसोमवर, त्यामुळे बाईमध्ये निम्म्या पेशी चांगल्या आणि निम्म्या कमतरतेच्या असू शकतात, तिची अ‍ॅक्टिव्हिटी पन्नास टक्के असली तरी ठिपका मस्त चमकतो. मग तिला व्हायवॅक्स मलेरियासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस सुरू होतं आणि आपण "नॉर्मल" लिहून दिलेलं असतं. हे मला बरेच दिवस खटकत होतं. आकडा पाहिजे.

नमुने म्हणजे सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची मोजणी) झाल्यावर उरलेलं ईडीटीए (गोठू न देणारं रसायन) घातलेलं रक्त, नाव नाही, फक्त नंबर, वय, पुरुष की स्त्री. एथिक्स कमिटीचं पत्र यायला पाच आठवडे लागले, तर तो अर्ज सगळ्यात आधी टाका, केमिकल मागवायच्याही आधी.

१४ मार्च

आधी स्पॉट टेस्टच नीट आहे का ते तपासलं आणि नाही निघाली. जुना यूव्ही दिवा गेला म्हणून ऑनलाइन ४५० रुपयांची टॉर्च घेतली होती, वर ३६५ नॅनोमीटर छापलेलं. लावली की जांभळा उजेड पडतो, तिथेच शंका यायला हवी होती. ३९५ ची असणार. खऱ्या ३६५ ला, त्यात काळ्या काचेचा फिल्टर असेल तर, डोळ्याला उजेड जवळजवळ दिसतच नाही. जांभळ्या उजेडात ठिपका चमकतोय की नुसता उजेड परत येतोय हे कळत नाही, आमच्या विद्यार्थिनीने उकळून मारलेलं रक्तसुद्धा "थोडं चमकतंय" म्हणून लिहिलं होतं आणि तिची चूक नाही, मलाही तसंच दिसलं.

दुसरं, फिल्टर पेपर संपला म्हणून कुणीतरी प्रिंटरच्या कागदावर ठिपके दिले होते. त्या कागदात पांढरेपणासाठी ऑप्टिकल ब्राइटनर असतं, यूव्हीखाली अख्खा कागद निळा पेटतो. व्हॉटमन नंबर एक किंवा तसाच साधा फिल्टर पेपर घ्या, दुसरं काही नको.

फिल्टरवाली टॉर्च २,३०० ला पडली. चष्मा लावून वापरा.

२२ मार्च

केमिकल आली. एनएडीपी आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट (जी६पी), ज्यांच्यावर हे एन्झाइम काम करतं, हे दोनच महाग, दोन्ही मिळून ९,४०० गेले, बाकी ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं बफर) आणि मॅग्नेशियम क्लोराइड लॅबमध्ये होतंच. एनएडीपीएच वेगळं घ्यावं लागतं स्टँडर्डसाठी (तुलनेला लागणारं, प्रमाण माहीत असलेलं द्रावण), त्याचे ३,१००.

रिअ‍ॅक्शन नेहमीचीच ठेवली: ट्रिस १०० मिलिमोलर पीएच ८.०, मॅग्नेशियम १०, एनएडीपी ०.२, जी६पी ०.६ मिलिमोलर. फरक एवढाच की ३४० नॅनोमीटरला शोषण (किती उजेड अडतो ते) बघण्याऐवजी ३४० ने उजेड टाकायचा आणि ४६० ला किती बाहेर येतो ते मोजायचं. शेजारच्या विभागात प्लेट रीडर (प्लेटच्या प्रत्येक खळग्यातली, म्हणजे वेलमधली, चमक मोजणारं मशीन) आहे, मंगळवार आणि शुक्रवार दुपारी मिळतो.

ट्रिसबद्दल एक गोष्ट. पीएच एसीच्या खोलीत २५ अंशाला ८.० लावला आणि रिअ‍ॅक्शन ३७ ला केली. ट्रिसचा पीएच दर अंशाला ०.०२८ ने उतरतो, म्हणजे ३७ ला तो ७.६६ च्या आसपास झालेला. बफर ३७ ला गरम करून मगच पीएच लावा. एक लिटर ओतून दिला.

२ एप्रिल

पहिली प्लेट. नॉर्मल रक्त १२ नमुने, प्रत्येकी दोन वेल. आकडे आले, रेषा वर चढली, खूप आनंद झाला. शुक्रवारी तेच नमुने परत लावले तर आकडे जवळपास दुप्पट.

दोन दिवस पिपेट तपासत बसलो, पाणी वजन करून. पिपेट बरोबर होती. मशीनमध्ये गेन "ऑटो" वर होता. म्हणजे मशीन दरवेळी सगळ्यात चमकणारी वेल बघून स्वतःच आपली संवेदना कमी-जास्त करतं, त्यामुळे एका दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवसाशी जुळायचा प्रश्नच नाही. गेन एकदा ठरवून कायमचा लिहून ठेवला आणि प्रत्येक प्लेटवर एनएडीपीएचचे सहा स्टँडर्ड (० ते ४० मायक्रोमोलर) न चुकता. मशीनच्या आकड्यावर कधीच हिशोब करायचा नाही, स्टँडर्डच्या रेषेवरून मायक्रोमोलर काढायचे आणि मगच पुढे.

एनएडीपीएचचं द्रावण रोज ताजं करा. वजन करून भरवसा ठेवू नका, ते दमट होतं. ३४० ला शोषण घ्या आणि ६२२० ने (एनएडीपीएचच्या शोषणाचा ठरलेला आकडा) भागा, खरं प्रमाण कळतं. आमचं "१ मिलिमोलर" प्रत्यक्षात ०.८१ होतं.

९ एप्रिल

पारदर्शक प्लेट सोडून काळी घेतली. पारदर्शकमध्ये शेजारच्या वेलचा उजेड येतो, ब्लँकच्या (नमुना नसलेल्या वेलच्या) शेजारी नॉर्मल नमुना असला की ब्लँक वाढायचा. काळी प्लेट महाग म्हणून धुऊन परत वापरायची ठरवली.

आणि आज सगळ्या ब्लँक उंच. नुसतं बफर टाकलं तरी उंच. तासभर बफर बदलून बघितलं, पाणी बदललं. शेवटी मावशींना विचारलं प्लेट कशाने धुतल्या, तर कपड्यांची पावडर, काचेच्या भांड्यांना नेहमी तीच लागते. पुन्हा तेच ऑप्टिकल ब्राइटनर! कपडे पांढरेशुभ्र दिसायला पावडरीत घालतात ते. टॉर्च मारली तर प्लेटच्या कडा निळ्या. मावशींची काहीच चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता या कामाची भांडी वेगळ्या टबात, लॅबच्या साध्या डिटर्जंटने आणि मग सहा वेळा डिस्टिल्ड पाण्याने, आणि धुतल्यावर टॉर्चखाली बघून मगच वाळवायची. खरं सांगायचं तर प्लेट एकदाच वापरणं परवडत असेल तर एकदाच वापरा.

१९ एप्रिल

ही नोंद मोठी आहे, कारण इथे आम्ही चुकीचे रिपोर्ट द्यायच्या अगदी जवळ होतो.

आत्तापर्यंत वेलमध्ये रक्त शेवटी १:१०० व्हायचं. चाळीस नमुने झाले. आकडा हिमोग्लोबिनने भागून युनिट (एन्झाइमच्या कामाचं माप) प्रति ग्रॅम हिमोग्लोबिन असा लिहितो. मी सहज एक्सेलमध्ये हिमोग्लोबिनप्रमाणे लावून बघितलं तर ज्यांचं हिमोग्लोबिन कमी त्यांची अ‍ॅक्टिव्हिटी जास्त, अगदी सरळ उतार. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईचा आकडा १४ वाल्याच्या दुप्पट. अ‍ॅनिमियात तरुण पेशी जास्त असतात आणि त्यांच्यात हे एन्झाइम जास्त असतं, त्यामुळे थोडं वाढणं बरोबर आहे, पण इतकं? लोह कमी असलेल्या बायकांमध्ये तर एवढे रेटिक (तरुण तांबड्या पेशी) असायचं कारण नाही.

मॅडम (आमच्या पॅथॉलॉजिस्ट) म्हणाल्या, "रक्तात माहीत असलेलं एनएडीपीएच टाक आणि किती परत मिळतं ते बघ." जी६पी न घालता नुसतं रक्त आणि त्यात २० मायक्रोमोलर एनएडीपीएच. हिमोग्लोबिन १४ च्या रक्तात ३१ टक्के परत मिळालं. ७ च्या रक्तात ५२.

म्हणजे उजेड रक्तच खातंय. हिमोग्लोबिन ४१५ ला सगळ्यात जास्त शोषतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण ३४० लाही ते भरपूर शोषतं, ४६० लाही काही प्रमाणात. आत जाणारा उजेड अर्धा वाटेत जातो आणि बाहेर येणाऱ्यातलाही थोडा जातो. आमचं स्टँडर्ड मात्र स्वच्छ बफरमध्ये होतं, त्याला हा त्रास नाही. वर आम्ही भागणार हिमोग्लोबिननेच, त्याने पेशी कमी असल्याचा हिशोब बरोबर होतो पण वाटेत गेलेल्या उजेडाचा होत नाही, म्हणून कमी हिमोग्लोबिनवाल्याचा आकडा फुगतो. आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये अ‍ॅनिमिया किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे. ज्या बायकांसाठी हे काम सुरू केलं त्यांचाच आकडा फुगवून आम्ही त्यांना "नॉर्मल" म्हणणार होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चाळीसही नमुने रद्द. रक्त उरलं होतं त्यातले फक्त अकरा परत करता आले.

२३ एप्रिल

दुरुस्ती. रक्त खूप पातळ करायचं. १० मायक्रोलिटर रक्त ४९० मध्ये फोडायचं, त्यातलं १० मायक्रोलिटर १९० रिअ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे शेवटी १:१०००. आता १४ वाल्यात ८३ टक्के परत मिळतं आणि ७ वाल्यात ९०. उरलेला फरक काढायला प्रत्येक नमुन्याची एक जादा वेल ठेवली, त्यात जी६पी नाही पण २० मायक्रोमोलर एनएडीपीएच आहे. त्या नमुन्याचा आकडा त्याच्याच परतीने भागायचा. प्लेटवर नमुने कमी बसतात, हो, पण दुसरा प्रामाणिक रस्ता मला दिसला नाही.

एवढ्या पातळ रक्तात नॉर्मल माणसाचं एनएडीपीएच मिनिटाला साधारण १ मायक्रोमोलरने वाढतं. शोषणाने बघितलं असतं तर मिनिटाला सहा हजारांश, तेही पूर्ण एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये, ते आमच्या जुन्या स्पेक्ट्रोला (शोषण मोजणाऱ्या मशीनला) दिसलंच नसतं. फ्लुरोसन्सला सहज दिसतं. म्हणूनच हा सगळा खटाटोप. कमतरतेचा नमुना असेल तर दहा मिनिटं पुरत नाहीत, तीस मिनिटं वाचा.

२६ एप्रिल

सकाळचे नमुने छान, दुपारचे सगळे वीस-पंचवीस टक्क्यांनी खाली. कारण साधं निघालं. हिमोलायसेट (पेशी फोडलेलं रक्त) सकाळीच सगळ्यांची करून ठेवली, जेवायला गेलो, रीडर दोनला मिळाला. पेशी फुटल्यावर एन्झाइम उघड्यावर पडतं, आत जे एनएडीपी त्याला धरून ठेवतं ते पातळ होऊन जातं आणि एन्झाइम सुटं होऊन मरतं. आता फोडायच्या द्रावणात १० मायक्रोमोलर एनएडीपी, थोडं ईडीटीए आणि मर्कॅप्टोइथॅनॉल, बर्फावर ठेवायचं आणि अर्ध्या तासात प्लेटवर. मर्कॅप्टोइथॅनॉल वाफ ओढून घेणाऱ्या हूडमध्येच, वास भयंकर. न फोडलेलं रक्त मात्र ४ अंशाला ईडीटीएमध्ये पाच दिवस आमच्याकडे टिकलं, रोज मोजून बघितलं.

३ मे

काही नाही झालं. वळवाचा पाऊस, चार तास लाइट नाही, रीडर गरम व्हायला परत पाऊण तास. बाहेर ३९ अंश होते आणि आतलं तापमान दाखवायला रीडर तयार नव्हता. प्लेट आधी ३७ ला दहा मिनिटं ठेवून मग जी६पीने सुरुवात करायची, हे त्या दिवशी ठरलं, नाहीतर पहिली पाच मिनिटं रेषा वाकडी येते.

१० मे

डॉक्टरांचा फोन, नेहमीच्या नमुन्यातला नाही. सहा वर्षांचा मुलगा, व्हायवॅक्स, प्रायमाक्विनचे तीन डोस झाले आणि लघवी काळ्या चहासारखी. औषध बंद केलंय, आता हिमोग्लोबिन ६.८, रक्त दिलेलं नाही. (हे आधी विचाराच, रक्त चढवलेलं असेल तर आपण देणाऱ्याचं एन्झाइम मोजतो.) औषध बंद होऊन आठ दिवस झालेले.

स्पॉट टेस्ट: फिकट चमक. जुन्या पद्धतीने आम्ही "नॉर्मल" लिहिलं असतं.

आकडा: ३.० युनिट प्रति ग्रॅम, म्हणजे आमच्या नॉर्मलच्या चाळीसेक टक्के. इथे मी थांबले. मुलगा मधला कसा असेल? मुलाकडे एकच एक्स, त्याचं एन्झाइम एक तर चांगलं नाही तर कमी, तीस ते सत्तर टक्क्यांच्या मधली जागा बायकांची. मुलगा त्या जागेत दिसला तर काहीतरी दुसरं चाललंय. रेटिक डाग दिला, १४ टक्के. म्हाताऱ्या पेशी ज्यांच्यात एन्झाइम संपलेलं होतं त्या आधीच फुटून गेल्या, आता रक्तात उरल्या त्या सगळ्या तरुण, त्यांच्यात अजून एन्झाइम शिल्लक आहे. आपण वाचलेल्यांचीच हजेरी घेतोय.

रिपोर्टवर आकडा दिला पण खाली ठळक लिहिलं: रक्त फुटल्यानंतरचा नमुना, यावरून नॉर्मल म्हणू नये, तीन महिन्यांनी परत तपासावं, तोपर्यंत कमतरता आहे असंच धरून चालावं. डॉक्टरांनी आईलाही सांगितलं, प्रायमाक्विन नाही, डॅप्सोन नाही, आणि कपड्यांत डांबर गोळ्या ठेवायच्या नाहीत. हे शेवटचं फार कमी लोकांना माहीत असतं. बाळंतविड्याचे कपडे वर्षभर डांबर गोळ्यांत ठेवून तसेच बाळाला घालतात, कमतरता असलेल्या बाळाला नॅफ्थलीनने कावीळ होऊ शकते. कपडे धुऊन उन्हात घालून मगच.

आईचा नमुनाही मागवला. ५.१, म्हणजे पासष्टच्या आसपास. तिचा ठिपका अगदी लख्ख चमकला होता.

११ जून

शंभर टक्के म्हणजे किती, हे दुसऱ्याच्या किटच्या कागदावरून घ्यायचं नाही. पद्धत बदलली, तापमान बदललं की आकडा बदलतो. आपल्याच पुरुष नमुन्यांचा मध्यक काढायचा, त्यातले दहा टक्क्यांच्या खालचे वगळून परत मध्यक, तो शंभर. आमचे ४६ पुरुष, दोन वगळले, मध्यक ७.८. वरच्या नोंदीतले टक्के याच हिशोबाने मागे जाऊन नीट केलेत.

सत्तरच्या वर नॉर्मल, तीस ते सत्तर मध्यम, तीसच्या खाली कमतरता. टॅफेनोक्विनसाठी (व्हायवॅक्सचंच दुसरं औषध) सत्तरच्या वर असावंच लागतं कारण ते एकदा दिलं की अंगात आठवडेच्या आठवडे राहतं, मध्येच बंद करता येत नाही. प्रायमाक्विन निदान थांबवता येतं.

२ जुलै

कंट्रोल (मोजणी बरोबर आहे का ते बघायला, आकडा आधीच माहीत असलेला नमुना) कुठून आणायचा हा प्रश्न होता, विकतचा कंट्रोल आमच्या बजेटबाहेर. नॉर्मल हिमोलायसेट एनएडीपी न घालता ५६ अंशाला तासभर ठेवलं, एन्झाइम गेलं, हिमोग्लोबिन बहुतेक तसंच राहिलं. थोडा गाळ दिसला, तो सेंट्रिफ्यूज करून काढला आणि हिमोग्लोबिन परत मोजलं. मग मेलेलं आणि जिवंत मिसळून ३० टक्के आणि ७० टक्क्यांचे कंट्रोल केले. ३० चा २८ ते ३३ येतो, ७० चा ६६ ते ७३. सत्तरच्या काठावरच्या बाईचा रिपोर्ट एका प्लेटवरून देत नाही, दुसऱ्या दिवशी परत लावतो.

हिमोग्लोबिन आधी ड्रॅबकिनच्या द्रावणाने मोजत होतो, आता सोडलं. त्यात सायनाइड असतं आणि विद्यार्थी बेसिनमध्ये काय काय ओततात, अ‍ॅसिडशी गाठ पडली तर गॅस निघतो. सोडियम लॉरिल सल्फेटच्या पद्धतीने तोच आकडा मिळतो. आणि हिमोग्लोबिन त्याच हिमोलायसेटमधून मोजा, सीबीसीच्या कागदावरून घेऊ नका, पिपेटिंगची चूक दोन्हीकडे सारखी राहते आणि भागताना निघून जाते.

आपल्या मोजणीत पुढचं एन्झाइम, ६पीजीडी, तेही थोडं एनएडीपीएच बनवतं, म्हणजे नॉर्मल आकडा जरा फुगलेला असतो. मध्यकही तसाच फुगलेला, म्हणून टक्क्यांत मोठा फरक पडत नाही. आम्ही ते वेगळं काढत बसलो नाही.

१९ जुलै

पावसाची हवा. फ्रिजमधून काढलेल्या प्लेटच्या झाकणावर दव धरतं आणि रीडर वरून वाचतो, त्यामुळे आकडे उड्या मारतात. झाकण काढून वाचा. सिलिका जेल निळं आहे का रोज बघा. एनएडीपीएचची बाटली डेसिकेटरमध्ये ठेवली तरी याही महिन्यात ०.८ च निघालं.

१३ ऑगस्ट

मुलगा परत आला. हिमोग्लोबिन ११.९, रेटिक १.२ टक्के. त्याच दिवशी नॉर्मल, ३० आणि ७० चे कंट्रोल बरोबर बसलेले बघितले आणि मग त्याची रेषा वाचली. तीस मिनिटांत ती जेमतेम उठली. ०.७ युनिट, नऊ टक्के. ठिपका पूर्ण काळा.

मे महिन्यात त्याच रक्ताचा ठिपका चमकला होता.

कोणता प्रकार आहे ते जीन बघितल्याशिवाय सांगता येत नाही. भारतात मेडिटेरेनियन, केरळ-कल्याण आणि ओरिसा हे तीन जास्त सापडतात. यातला कल्याण म्हणजे आपलंच कल्याण, १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेला प्रकार म्हणून ते नाव पडलं, नंतर केरळवाला आणि तो एकच निघाले. नमुना पुढे पाठवायला डॉक्टरांनी आईची परवानगी घेतलीय.

त्याला कार्ड करून दिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात: काय कमी आहे, कुठली औषधं नकोत, लघवी काळी झाली तर लगेच दवाखाना. एक कार्ड आईकडे, एक शाळेच्या दप्तरात. त्याला एक लहान बहीण आहे, तिचा नमुना शुक्रवारी येतोय, प्लेटवर सी रांगेत तिच्यासाठी जागा ठेवलीय.

एकूण खर्च आत्तापर्यंत २७,६०० रुपये, त्यातले साधारण सहा हजार रद्द झालेल्या चाळीस नमुन्यांत आणि धुतलेल्या प्लेटमध्ये गेले. एनएडीपी संपत आलंय, सोमवारी मागवायचं.